शिवेवरचा गाडा

अब्दुल गफ्फार जमादारानं उगवतीकडच्या फाटकाची आगळ काढली, फाटक बाहेर ढकललं आणि ते अर्ध्यातच कशाला तरी अडलं. त्यानं खांदा लावून पुन्हा रेटलं. मग फटीतून डोकं बाहेर काढून पाहिलं, आणि ज्या खांद्यानं रेटत होता तोच खांदा झटकत झटक्यात मागं आला.

"या अल्ला! किसने रख्खा रे ये? कोन है उधर?"

बाहेर कोणीच नव्हतं. आत कैदी दोन रांगांत उकिडवे बसून आंबिलीच्या हंड्याची वाट बघत होते. जमादाराचा आवाज असा चिरका त्यांनी कधी ऐकला नव्हता. पुढचे उठले, तसे त्यांच्या बेड्यांना जोडलेले दुसरेही उठले, आणि सगळी रांग फाटकाकडे सरकली.

फाटकाला टेकून एक लाकडी गाडा उभा होता. पोराच्या खेळण्याहून थोडा मोठा, जेमतेम मांडीपर्यंत येणारा. आत कडुनिंबाच्या डहाळ्या पसरल्या होत्या आणि त्यांत शेंदूर फासलेली एक लाकडाची बाहुली बसवली होती. हिरवं लुगडं, लिंबांची माळ, पुढ्यात नारळ, काचेचा चुडा, आणि पळसाच्या पानावर दहीभाताचा ढीग. बाहुलीच्या डोळ्यांवर हळदीत भिजवलेली चिंधी करकचून बांधली होती.

"मरीमाय," कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, आणि साखळ्यांचा खळखळाट एकदम थांबला.

वऱ्हाडातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. गावात पटकीची साथ शिरली, उलट्या-जुलाबानं माणसं पटापट जाऊ लागली, की मरीमायला गाड्यात बसवायचं, तिची ओटी भरायची आणि डफाच्या तालावर तिला शिवेबाहेर नेऊन सोडायचं. पुढच्या गावानं तिला आपल्या शिवारातून ओढत त्याच्याही पुढच्या शिवेवर पोचवायचं. आपल्या दारातून गेली, सुटलो. पुढं कोणाच्या दारात गेली, हे विचारायचं नसतं. देवीधर्मातसुद्धा माणूस आपल्या पायाखालचं आधी बघतो, त्यात नवल कसलं!

पण हा गाडा ज्या दारात येऊन उभा राहिला होता त्या दारातल्या माणसांच्या पायांत बेड्या होत्या. त्यांनी तो कुठं न्यावा?

तळ होता निंबखेड आणि उमरी या दोन गावांच्या शिवेवर. मुरमाड माळ, कापूस पिकत नाही अशी तेवढीच जागा उरली होती म्हणून सरकारनं ती कैद्यांना दिली. सातासमुद्रापलीकडं कुठं म्हणे भावाभावांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याहून, अमरावतीहून गाड्यांची रीघ लागली होती. गाड्यांना सडक पाहिजे, सडकेला खडी पाहिजे, आणि खडी फोडायला फुकटची माणसं पाहिजेत. भोवती बाभळीच्या काट्यांचं दुपदरी कुंपण घातलेलं. सडकेवरून जाणाऱ्या गाड्यांतला कापूस त्या काट्यांना अडकून राही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय पांढरंशुभ्र फुललंय!

आत फुलण्यासारखं काही नव्हतं. तुराट्यांच्या चार लांब झोपड्या, वर गवत. दिवसा जोडीजोडीनं पायात बेडी, आणि दिवस मावळला की सगळ्यांच्या बेड्यांतून ओवलेला एकच साखळदंड. एकानं कूस बदलली की झोपडीभर खळखळ होई. जवारी महागली, कारण जो तो कापूसच पेरत होता. मग ठेकेदार जवारीत सरकी दळून घाली. ती भाकर तोंडात भुशासारखी फिरे आणि पोटात दगडासारखी बसे. पाणी नाल्यातल्या झिऱ्यांचं. चैत्र सरता सरता झिरे आटले, गढुळले, आणि पटकी आली. रात्री साखळदंड एकसारखा वाजू लागला की सगळी झोपडी श्वास धरून पडून राही. ज्याचं पोट बिघडलं तो उठणार कसा? एक उठायचा तर सगळ्यांनी उठायचं. तो तिथंच बसे. आणि सकाळपर्यंत बहुधा तो आवाज थांबलेला असे.

नत्थुजी रांगेत तिसरा होता. त्यानं बाहुलीच्या डोळ्यांवरची चिंधी पाहिली आणि ती ओळखली.

नत्थुजी निंबखेडचा. सत्तावनच्या गदराच्या दुसऱ्या साली, हिवाळ्यात, काही घोडेस्वार त्याच्या खळ्यावर येऊन उतरले. त्यांनी कडबा घेतला, पाणी घेतलं, आणि उजाडायच्या आत निघून गेले. यानं दिलं म्हणावं तर यानं दिलं नव्हतं. पण भाल्यापुढं नाही तरी कसं म्हणायचं? सरकारला ते बारकावे नको होते. बंडवाल्यांना थारा दिला म्हणून सक्तमजुरी झाली. गेल्या थंडीत त्याला अकोल्याच्या तुरुंगातून या तळावर आणलं तेव्हा त्याला देव पावल्यासारखं झालं होतं. गावचा पिंपळ इथून दिसत होता! पण आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते त्याला हळूहळू कळत गेलं. गाव दिसतं आणि जाता येत नाही, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

त्याची बायको जमुना दर बाजाराला या सडकेनं जाई. कैद्याशी बोलायला मनाई. मग ती कुंपणाजवळ आली की बरोबरच्या पोरीशीच मोठ्यानं बोले. "कौशल्ये, नीट चाल वं! तुह्या बापावानी ठेचकाळू नको!" नाहीतर, "जवारी बरी हाय आपली औंदा, कायजी नाई!" पोर खुदखुदे. एवढं ऐकण्यासाठी नत्थुजी बाजाराच्या दिवशी सडकेच्या बाजूची खडी मागून घेई. त्या दोन वाक्यांवर त्याचा आठवडा निघे.

या बाजाराला जमुना आली नव्हती.

आणि आता ही चिंधी. मरीमायचे डोळे बांधायची रीत फक्त निंबखेडात होती. तिला परतीची वाट दिसू नये म्हणून तिथल्या बायका बांधत. आजूबाजूची गावं त्यांना हसत. "निंबखेडवाले देवीसंगं आंधळी कोशिंबीर खेयते," म्हणत. तरणा असताना नत्थुजीनं स्वतः हा गाडा शिवेपर्यंत ओढला होता, मागं न बघता घरी आला होता, आणि अंगणात आईनं त्याच्या पायांवर लिंबाचं पाणी ओतलं होतं.

म्हणजे गावात पटकी होती. आणि गावानं गाडा इथं आणून सोडला होता. मावळतीकडं निंबखेडच्या बाजूला सोडला असता तर लगेच ओळखू आला असता, म्हणून तळाला वळसा घालून उमरीकडच्या फाटकाला आणून लावला होता. आपला एक माणूस आत आहे, हे त्या ओढणाऱ्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चुलत्यांना, शेजाऱ्यांना, पाटलाला. नत्थुजीला रडू आलं नाही, राग आला नाही. आपण गावाच्या हिशेबातून कधीच गेलो आहोत, एवढंच त्याला कळलं.

"उमरीवाल्याइचं काम हाय हे!" खुशालराव गरजला.

खुशालराव अकोल्याकडचा, आडवातिडवा गडी. नत्थुजीचा डावा पाय खुशालरावाच्या उजव्या पायाशी जोडलेला होता, आणि तोही कालपासूनच. त्याआधी त्या बेडीत खुशालरावाचा धाकटा भाऊ वामनराव होता. काल दुपारी वामनराव खडीच्या ढिगावरच कलंडला. शिपायांनी त्याला बेडीतून सोडवला आणि माळावरच्या चुन्याच्या खड्ड्यात टाकला. लाकूड नाही, पाणी नाही, भावाच्या हातची आग नाही. खुशालराव कालपासून कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. आता बोलला तो असा.

"काल सांजीले दान्याचा गाडीवान सांगून राहिला होता," तो म्हणाला, "उमरीचे लोक गोफनी घेऊन शिवेवर उभे हायेत म्हने. आता समजलं काहून! गाडा आमच्या दारात टाकला अन वापस येऊ नाई म्हनून पहारा बसवला. हरामखोर! आमी मानसं नाई का?"

नत्थुजीला खरं काय ते माहीत होतं. उमरीवाले उभे होते ते निंबखेडचा गाडा आपल्या शिवेत येऊ नये म्हणून. त्यानं चिंधीवरची नजर काढून घेतली.

तेवढ्यात धारणीकडचा एक कैदी हळूच वाकला आणि त्याचा हात नारळाकडं गेला. त्याचा दोष नव्हता. दहीभात! पांढराशुभ्र भात कितीतरी वर्षांत कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सगळ्यांची नजर देवीवर कमी आणि पानावर जास्त होती.

"अबे, हात मांगं घे!" म्हातारा पुंजाराम किंचाळला. "मराचं हाय का?"

पुंजाराम तिवशाकडचा. जन्मभर गावोगाव भटकलेला, साऱ्या देवदेवस्कीची खडान्‌खडा माहिती असलेला. तो थरथरत पुढं आला.

"तिचा निवद हाय तो. जो खाते त्याच्यातच ते थांबते. माह्या बापाच्या वक्ती एका उपाशी बैराग्यानं गाड्यातला निवद खाल्ला. गाडा तथीच थांबला. ना मांगच्या गावात कोनी मेलं, ना पुढच्या. पन बैरागी दिवस मावयाच्या आत गेला. आतडी पियून काढली त्याची मायनं."

धारणीवाल्यानं हात आपल्या धोतराला पुसला, जणू नारळाला लागलाच होता.

गफ्फार जमादार दाढी ओढत उभा होता. देवी त्याची नव्हती, पण भीतीला कुठली आली जात? त्याची बायको बिस्मिल्लाबी आणि लेकरं शिपायांच्या खोपट्यांत, कुंपणाला लागूनच राहत होती. शिवाय आज साहेबाची फेरी होती.

"सुनो रे," तो म्हणाला, "साहब दोपहर तक आयेंगे. फाटक पे ये देखेंगे तो पूछेंगे कितने मरे. फिर क्या? ताला! न कोई अंदर, न कोई बाहर. पिछले साल नदीवाले तळ पे येईच हुआ था. बारिश के बाद खोला, तो अंदर से जवाब देनेवाला कोई नईं था. हटाव इसकू यहाँ से. जल्दी."

"हटवाची कोन्या बाजूले?" कोणीतरी विचारलं.

"ज्या बाजूनं आली त्या बाजूले नाई," पुंजाराम म्हणाला. "वापस गेली तं दुप्पट घेते. उमरीकून आली ना? मंग निंबखेडले न्या. उगवतीच्या फाटकातून आत घ्या, मधून ओढा, मावयतीच्या फाटकातून काहाडा. रीत हाय तशी."

"हौ, वोईच करो," जमादार म्हणाला. त्याची नजर रांगेवरून फिरत नत्थुजीवर थांबली. "तू निंबखेड का है ना? शीव का पत्थर तुझे मालूम. तू और खुशाल आगे से खींचो. बुढ्ढा और उसका जोडीदार पीछे से."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी नत्थुजीची गत झाली. गप्प राहिलो, तर मरीमाय जिथून निघाली तिथंच परत जाणार. दुप्पट घेणार. जमुना आणि कौशल्या आज तरी असतील का, हेच ठाऊक नव्हतं. असल्या तर आपल्या हातानं त्यांच्या दारात मरण ओढून न्यायचं. आणि बोललो, तर? वामनराव काल गेला. त्याच्या आधी किती गेले. या सगळ्यांच्या दारात मरीमाय टाकणारं गाव याचं, हे कळलं तर ही माणसं त्याला उभा ठेवतील? आणि ज्याचा हात सगळ्यांत जड, तो त्याच्याच पायाला बांधलेला. पळायचं म्हटलं तरी त्याच्यासकट पळावं लागणार!

गाडा आत आला. जोखडाच्या काठीला दोघांनी हात घातला. काठी गुळगुळीत होती. निंबखेडच्या सुतारानं घासलेली, हे नत्थुजीच्या तळहाताला कळलं. दोन्ही बाजूंना कैदी मागं सरून भिंतीसारखे उभे राहिले. कोणी डोळे मिटले, कोणी हात जोडले. चाकं कुरकुरू लागली.

"तुह्यं गाव हाय, मले मालूम हाय," खुशालराव खाली बघत, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "वाईट वाटते, गड्या. पन काय करतं? गावात मोकयी मानसं हायेत. ते तिले पुढं घेऊन जातीन. आपल्याले कोठी जाता येते?"

हे त्यानं बोलायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर नत्थुजी कदाचित तसाच ओढत राहिला असता. ज्याचा भाऊ कालच गेला तो माणूस आपली समजूत काढतो आहे, आणि आपण त्याच्यापासून असलं चोरून ठेवतो आहोत, हे त्याला सोसेना. पहिली झोपडी मागं पडली. दुसरी पडली. समोर मावळतीच्या फाटकाची आगळ एक शिपाई काढत होता. फाटकाच्या वरून गावचा पिंपळ दिसत होता.

नत्थुजी मटकन खाली बसला.

बेडीला हिसका बसला, खुशालराव पडता पडता सावरला. "काय झालं बे? पोटात येऊन राहिलं का?"

सगळे दोन पावलं मागं हटले. कोणी बसलं की हल्ली सगळ्यांच्या मनात तेच येई.

"नाई," नत्थुजी म्हणाला. "गाडा उमरीचा नोहे."

"मंग कोनाचा?"

"आमचा. निंबखेडचा. तिचे डोये पाहा. आमच्याच गावात बांधते. दुसरीकडं कोनी बांधत नाई." मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. "त्याइनं फिरवून आनला अन तिकडल्या फाटकाले लावला. मी पाह्यताच वयखला. बोललो नाई. भेव लागला मले. तुमचा सगळ्याइचा भेव लागला. पन वापस नको नेऊ, खुशालभाऊ. माह्यी पोरगी हाय तथी. लहान हाय. तुह्ये पाय धरतो."

मागून एकानं दगड उचलला. खडी फोडणाऱ्यांच्या तळावर दगडाला काय तोटा! गफ्फार जमादारानं बंदूक खांद्यावरून काढली, पण रोखायची कोणावर हे त्याला कळेना.

"उमरी ले जाओ फिर," तो घाईनं म्हणाला. "उलटा घुमाव!"

"उमरीले?" खुशालराव बोलला. त्याचा आवाज आता मोठा नव्हता. "तथी गोफनीवाले उभे हायेत. बेड्यात पाय घालून दगडं खायाले जाते कोन? नाई. ज्याचं पाप त्याच्या दारी. नेतो मी निंबखेडलेच."

"वापस गेली तं दुप्पट..." पुंजाराम पुटपुटला.

"घेऊ दे! घेऊ दे दुप्पट!" खुशालराव एकदम कडाडला. "माह्या भावाले चुन्यात टाकलं. कुत्र्यालेही मानूस मातीत पुरते. त्याइनं इचार केला का, अथी कोनाचा भाऊ हाय, कोनाचा बाप हाय म्हनून? ऊठ, नत्थ्या. ऊठ! का फरफटत नेऊ?"

आणि त्यानं खरोखरच जोखडाला हात घालून पाऊल टाकलं. बेडी ताणली. नत्थुजीचा पाय घोट्यापासून ओढला गेला, तो मुरमावर घासत सरकला. फाटक सताड उघडलं होतं. गाडा त्याच्या अंगाशेजारून पुढं जाऊ लागला. त्यानं दोन्ही हातांनी चाक धरलं. चाक थांबलं. आता त्याचं तोंड देवीच्या समोर होतं. शेंदरी चेहरा, डोळ्यांवर पिवळी चिंधी, आणि खाली, अगदी त्याच्या नाकासमोर, दहीभात.

त्यानं पान ओढून मांडीवर घेतलं.

"नत्थुजी, नाई!" पुंजाराम ओरडला. "अरे, नको रे बापा!"

भात वरून वाळला होता. बोटं आत घातली तर आतला मऊ होता. भीती गेली होती असं नाही. भीती होती तिथंच होती, छातीवर बसून होती. मरण कसं येतं ते त्यानं रोज रात्री कानांनी ऐकलं होतं, आणि तेच तो आता बोटांनी उचलत होता. मनात त्यानं कौशल्याचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला.

मीठ बेताचं होतं. दही जरा आंबलं होतं. वरून कोणीतरी जिऱ्याची फोडणीसुद्धा दिली होती.

पहिला घास त्यानं पोरीसाठी खाल्ला. दुसरा मात्र, खरं सांगायचं तर, भुकेनं खाल्ला. तो घशाखाली उतरला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भात असा लागतो, हे तो विसरलाच होता! गालांवरून ओघळलेलं पाणी तोंडात जात होतं आणि तो तिसरा घास चिमटीत धरून बसला होता.

ज्याच्या हातात दगड होता त्यानं तो खाली ठेवला. गाडा थांबला होता. फाटकातला शिपाई आगळ हातात घेऊन तसाच उभा होता. कुठं कुठं घोट गिळल्याचे आवाज येत होते, आणि ते भीतीचे होते की आणखी कशाचे, हे ज्याचं त्याला ठाऊक.

मग बेडी वाजली. खुशालराव मागं वळला होता. त्याची सावली पानावर पडली. नत्थुजीनं मान खाली घातली आणि खांदे आवळून घेतले. लाथ बसणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. निदान पान सांडू नये म्हणून ते त्यानं पोटाशी धरलं.

लाथ बसली नाही. बेडी सैल झाली. खुशालराव जड जड त्याच्याशेजारी मुरमावर बसला, मांडीला मांडी लागेल असा. जवळून त्याच्या अंगाला अजून चुन्याचा वास येत होता. त्यानं उघड्या फाटकाकडे पाहिलं. निंबखेडच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

"काय वय हाय तिचं?" त्यानं विचारलं.

"नव सरलं."

खुशालरावानं नाक ओढलं. मग आपला दगडांनी चिरलेला, रुंद तळवा पालथ्याचा उताणा करून नत्थुजीच्या पुढं धरला.

"सगळं एकटाच खातं का बे?"

नत्थुजीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पान पोटापासून काढलं आणि दोघांच्या मधे ठेवलं.